लाकडाची तहान

आईनं लावलेला आंबा वैशाखाच्या वावटळीत मुळासकट आडवा झाला, तेव्हा थोरल्या नामदेवरावांनी गावाहून फोन केला.

"आंबा गेला रे. चुलीला घालू?"

"चुलीला नको दादा," अप्पाराव इकडून म्हणाले. "मला पाठवा."

"तिथं हैदराबादेत, अंबरपेठेत काय आमराई लावतोस ओंडक्याची?"

"नाव करतो."

पलीकडून बैलाची घुंगरं वाजली. मग नामदेवराव म्हणाले, "जन्मभर डेपोत बसगाड्या ठोकल्यास. नावेचं देव जाणे," आणि फोन ठेवला. चार दिवसांनी ट्रकातून ओंडका आला. सोबत बांधावरच्या बाभळीच्या वाकड्यातिकड्या फांद्या होत्या. थोरल्यांनी न सांगता घातलेल्या.

गाव मांजरा नदीच्या काठी, नारायणखेडच्या पुढं. पूर्वी बंधाऱ्याचं पाणी शिवाराच्या कडेला येऊन थांबायचं. अलीकडं ते भादव्यात रानाला वळसा घालून मागनं यायला लागलं. मधला ओढा तुडुंब झाला की त्यांचं काळं रान पार माघापर्यंत पल्याड बेटासारखं राहायचं. बैल पोहून जायचे. त्यांच्या शेपटीला धरून नामदेवरावही जायचे, गुडघे धड होते तोवर.

गेल्या साली ते पहिल्यांदा प्रमोदच्या बोटीत बसले. प्रमोद म्हणजे बांधशेजारी, तिशीतला गडी. त्याची फायबरची बोट, मागं इंजन. त्यानं आधी खताची पोती रचली, पोत्यांवर नामदेवरावांना बसवलं आणि काठावरच्या माणसांदेखत म्हणाला, "काका, तुमच्यापायी दोन पोती मागं ठेवावी लागली बघा. पोतं बरं, गप तरी बसतंय." माणसं हसली. नामदेवराव धोतर आवरून पोत्यावर बसले. पल्याड उतरले, संध्याकाळी तसेच परत आले, आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या बोटीत पाय ठेवला नाही. तूर उभ्या जागी वाळली, शेंगा तडकून भुईला मिळाल्या.

आता त्यांच्या मनानं घेतलं होतं की ज्याची बोट त्यानंच रान कसावं. येत्या दसऱ्याला आपट्याचं पान प्रमोदच्या हातावर ठेवायचं आणि बटईचा शब्द द्यायचा. त्या गावात कागद मागनं होतो, दसऱ्याचा शब्द आधी. आणि तो एकदा गेला की आपल्या हयातीत माघारी यायचा नाही, हे अप्पारावांना पक्कं ठाऊक होतं.

अप्पारावांच्या बायकोला, सत्यवतीला, त्या रानाचं वेगळंच लागलं होतं. घटस्थापनेला घटाखाली आपल्या रानाची माती पसरायची, तिच्यात धान पेरायचं. लग्न होऊन आल्यापासून ती माती गावाहून यायची. हल्ली ती गल्लीतल्या रोपवाल्याच्या गाड्यावरून पिशवीतली माती आणायची. धान उगवायचं, पण पिवळं, लांबट, मान टाकलेलं.

"विकतच्या मातीला काय माया असते होय," ती म्हणायची.

*

जहांगीरभाईच्या आरा मशीनवर ओंडका चिरून झाला. हातगाडीवरून फळ्या अंगणात आल्या त्या ओल्या गोड वासाच्या, केशरी पिवळ्या. गल्लीतल्या बाया वळून वळून बघायला लागल्या.

"अप्पारावसाब, मूसी में चलाते क्या ये जहाज?" जहांगीरभाईंनी विचारलं. "एक हात में चप्पू, एक हात से नाक पकडना पडता, हौ."

"मांजरा में चलाते," अप्पाराव म्हणाले.

"फिर ठीक है. हमना बी बिठाव एक दिन."

चिरण्यापुरतं मशीन. पुढचं सगळं हातानं, कारण नावेच्या बरगडीच्या वळणात मशीन शिरत नाही. अप्पारावांची हयात बसडेपोच्या कारखान्यात बाकं आणि तळाच्या फळ्या बसवण्यात गेली होती. निवृत्त झाले तेव्हा हत्यारांची पेटी तेवढी घरी आली होती. त्यांनी ती उघडली. वाकसाला नवा दांडा घातला, पटाशा पाणदगडावर घासल्या, रंद्याचं पातं अंगठ्याच्या नखावर लावून पाहिलं.

नावेचा नकाशा नव्हता. सून माधवी पुण्याची, घरूनच कंपनीचं काम करायची. तिनं फोनवर कुठल्या कुठल्या देशातले लोक नावा करताना दाखवले.

"बाबा, हे बघा, यात सगळी मेजरमेंट्स देतात."

अप्पारावांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "छान आहे गं. पण ही समुद्राची. आपल्याला ओढा ओलांडायचाय."

मग ते स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवरची काठवट काढून आणली. आईची काठवट. एका लाकडात कोरलेली, भाकरीचं पीठ मळून मळून आतून काचेसारखी झालेली, बुडाला एक केसाएवढी चीर. त्यांनी ती पाण्याच्या टबात सोडली. काठवट डुलली, एका जागी ठरली. त्यांनी तिच्यात वरवंटा ठेवला. थोडी बसली, पण तरंगली.

"बस. हिलाच लांब ओढायचं," ते म्हणाले.

"आणि भाकऱ्या मी कशात करू? तुमच्या टोपीत?" सत्यवती आतून म्हणाली.

बरगड्या बाभळीच्या. नांगराला खोड शोधावं तशा त्यांनी फांद्या उलटसुलट करून पाहिल्या. जी जन्मतःच वाकली होती तिच्यातच बरगडी होती, बाकीचं काढून टाकायचं. पहाटे थंड असताना ते बसायचे. फांदी दोन तळपायांत धरायची, वाकस आपल्याकडं ओढायचा. बाभळीचं लाकूड चिवट. घाव हुकला की वाकस घसरून नडगीकडं यायचा. ढलप्या उडून दंडाला लागायच्या. भुवईतला घाम डोळ्यात उतरला की ते मनगटानं पुसायचे आणि तिथं लाल भुकटीचा पट्टा उठायचा. एका अंगठ्याचं नख काळं पडलं. कंबर धरली की भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, आणि गल्लीतलं कुणी बघत असेल तर जणू नावेकडंच लांबून बघताहेत असं दाखवायचे.

"म्हातारपणी काय करू लालाव ओ हे," सत्यवती चहा ठेवून म्हणायची.

"धर जरा."

फळीला रंदा मारताना दुसरं टोक उडायचं. म्हणून सत्यवती त्या टोकावर बसायची, मांडीवर परात, परातीत तांदूळ निवडायला.

"वजनाला मीच सापडले तुमाला?"

"एवढं भरवशाचं दुसरं कुठं मिळंल?"

ती हसायची. तिचं हसणं फळीतून सरकत रंद्यापर्यंत यायचं. रंद्यातून साल निघायची लांबच लांब, कुरळी, आंब्याच्या वासाची. ती अंगणभर व्हायची, आणि तांदूळ निवडता निवडता सत्यवतीच्या ओठांवर जुन्या जात्यावरची चाल यायची. शब्द त्या त्या दिवसाचे.

पडला गं आंबा, त्याची उभी चिरली फळी
नदीच्या पल्याड, वाट बघती माझी काळी

आत माधवीची मीटिंग चालू असायची. ठोकाठोक वाढली की ती खिडकीतून हात हलवायची. एकदा बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, साहेब विचारताहेत मागं कसला आवाज आहे. मी सांगितलं, घरी नाव बांधताहेत. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. आता रोज विचारतात, आज कुठपर्यंत आली."

"मग काय सांगतेस?"

"बरगड्या झाल्या, म्हणते. सगळे टाळ्या वाजवतात."

अप्पारावांनी मान खाली घालून पटाशीची धार पाहिली. टाळ्यांचं त्यांना बरं वाटलं होतं, ते दाखवायचं नव्हतं.

भादवा सगळा झिरमिर पावसाचा गेला. पत्र्याखाली एकेक फळी बरगड्यांवर बसली. गिरमिटानं भोक, त्यात खिळा, खिळ्याचं टोक आतून वळवायचं. दोन फळ्यांच्या मध्ये राळेत बुडवलेली सुताची वात. अप्पाराव जोडावरून बोट फिरवायचे. बसच्या तळाला फट राहिली तर प्रवाशांच्या पायाशी धूळ येते, म्हणून सारी नोकरी त्यांनी फटीशी वैर केलं होतं. इथं नखही शिरत नव्हतं.

पितृपक्षात थोरल्यांचा फोन आला.

"प्रमोद विचारत होता. दसऱ्याला ये म्हणालो."

"दसऱ्याला मीही येतोय दादा. नाव घेऊन."

"तरंगंल का?"

"तरंगंल."

"मी बसणार नाही बघ बुडायला," नामदेवराव म्हणाले. पण फोन लगेच ठेवला नाही. विचारलं, "आंब्याचं लाकूड कसं निघालं?"

"आतून निखळ. कीड नाही कुठं."

"हं. आईचा हात," ते म्हणाले, आणि मग ठेवला.

*

नवरात्र बसलं आणि पाऊस गेला. आकाश धुतल्यासारखं झालं आणि ऊन असं पडलं की पत्र्यावर भाकरी भाजावी. विकतच्या मातीत घट बसला. संध्याकाळी गल्लीतल्या तेलुगू बाया तंगेडूच्या, म्हणजे तरवडाच्या, पिवळ्या फुलांच्या बतकम्मा रचून टाळ्यांवर फेर धरायच्या, मग त्या फुलांच्या राशी पाण्यात सोडायला जायच्या. माधवीही त्यांच्यात गेली, केसांत फुलं माळून आली.

"आई, एवढी उंच रास, पण तरंगते हो!"

"फुलाला कुणी खिळे मारत नाही," अप्पाराव म्हणाले. त्या दिवशी ते गप्प गप्प होते.

कारण अष्टमीच्या दुपारी त्यांनी नावेच्या आत बसून बाजूच्या फळ्यांकडं पाहिलं होतं आणि त्यांना ऊन दिसलं होतं. जोडाजोडांतून. सुतासारख्या बारीक, सरळ, लखलखीत रेघा. ओल्या महिन्यात बसवलेल्या फळ्या आठवडाभराच्या उन्हानं आक्रसल्या होत्या. वाती सैल होऊन लोंबत होत्या. त्यांनी बादलीभर पाणी आत ओतलं. ते दहा ठिकाणांहून, घाई नसल्यासारखं, खाली आलं.

त्या रेघांतून प्रमोदचा आवाज येत असल्यासारखं त्यांना झालं. पोतं बरं, गप तरी बसतंय.

मग उठले. उरलेल्या बाभळीच्या तुकड्यांतून त्यांनी पातळ, टणक चिपा काढल्या, टोपलीभर. सकाळी उठून प्रत्येक फटीत चीप ठोकायची, घट्ट, जीव जाईतो. उद्याचा एक दिवस होता हातात.

सकाळी अंघोळ करून ते बाहेर आले तर पेटी रिकामी होती. देवाऱ्यापुढच्या पाटावर सगळी हत्यारं धुऊन पुसून ओळीनं मांडलेली. वाकस, रंदा, पटाशा, गिरमिट, दोन्ही हातोडे. एकेकावर हळदकुंकवाचं बोट, वर झेंडूची माळ. शेजारी सुरी, कात्री आणि माधवीचा लॅपटॉप, त्यालाही कुंकू.

खंडेनवमी. ते विसरले होते.

"एक हातोडा दे फक्त," ते म्हणाले.

"काय बोलू लालाव? देवापुढचं हत्यार उचलायचं?"

"फटी पडल्यात. पाणी जाऊ लालंय."

"जाऊ द्या. आज त्यांचा दिवस आहे. वर्षभर तुमाला राबले, एक दिवस बसू द्या. डेपोत असताना नवमीला पाना तरी हातात धरलात का? बसलासुद्धा हार घालून उभं करायचात."

"बस उद्या नदीत घालायची नसायची!"

आवाज चढला तशी माधवी दारात आली. सत्यवतीनं हातातली आरती खाली ठेवली नाही.

"उद्या दादा प्रमोदच्या हातावर पान ठेवतील," अप्पाराव म्हणाले. आता आवाज खाली आला होता. "मग तुझी माती कायमची विकतची."

आरती झाली. सत्यवतीनं बाहेर जाऊन नावेवरून हात फिरवला, चिरेत नख घालून पाहिलं, आणि नळाची रबरी नळी आणून नावेत सोडली.

"काय करतेस?"

"काठवट तडकली की मी काय करते? हातोडा घेते?"

"काठवट एका लाकडाची आहे. ही पंधरा तुकड्यांची."

"लाकूडच की. उन्हानं तहानलंय ते. तुमी त्याच्या तोंडात चिपा घालायला निघालाव."

"सगळं पाणी गल्लीत जाईल."

"मग पुन्हा भरीन."

पाणी चढलं, सगळ्या फटींतून पाझरलं, फाटकाखालून गल्लीत वाहिलं. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं. अप्पारावांना ते बघवेना. ते चपला घालून जहांगीरभाईकडं जाऊन बसले. तिथंही मशीन बंद, पट्ट्याला झेंडूची माळ. कामगार पूजा करून घरी गेलेले.

"आज कुछ बी नक्को करो, साब," जहांगीरभाई चहा पुढं सरकवत म्हणाले. "मेरी मशीन बी सो री. तुम बी बैठो हल्लू."

बसण्याखेरीज काही नव्हतं. कित्येक महिन्यांनी त्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते. ते हातांकडं बघत राहिले. काळं नख, चिरलेली बोटं, तळव्यावर वाकसाच्या दांड्यानं उठवलेली गाठ. हातांनाही बरं वाटत असावं.

दिवेलागणीला परत आले तेव्हा सत्यवती नावेशी पाटावर बसून होती. नळाचं पाणी कधीच गेलं होतं. ती हौदातलं पाणी तांब्यानं घालत होती, बाळाला न्हाऊ घालावं तसं काठाकाठानं. शहराच्या नळाला मांजरेचं पाणी येतं की कृष्णेचं, कोण सांगणार. सत्यवती मात्र मांजरेचंच म्हणायची.

सासूनं लावला आंबा, सून घालिते पाणी
झाडाची झाली नाव, तरी सरंना कहाणी

अप्पाराव उकिडवे बसून खाली बघायला लागले. सकाळी धार होती तिथं आता थेंब होता. एक थेंब फुगला, लोंबला, पडला. दुसरा फुगायला वेळ लागला. तिच्या हातातला तांब्या त्यांनी आपल्याकडं घेतला.

"तुमी जेवा, मग घाला," ती म्हणाली.

"तू जेव. मी घालतो."

*

दसऱ्याच्या सकाळी नावेखालची फरशी कोरडी होती.

अप्पारावांनी हात लावून पाहिलं. पुन्हा सगळीकडं लावून पाहिलं. नाव काठोकाठ भरलेली, वर निंबाची दोन पानं तरंगत होती. फळ्या एकमेकींना खांदे लावून उभ्या होत्या आणि मधल्या वाती चेपून सुपारीसारख्या घट्ट झाल्या होत्या. त्यांनी एका जोडावर बोट दाबलं. काल इथं बाभळीची चीप ठोकली असती तर फुगणाऱ्या आंब्याला जागाच राहिली नसती. खिळे उपटून आले असते, एखादी बरगडी उभी चिरली असती.

ते आत गेले, पाटावरच्या हत्यारांना हात जोडले. मग उगीच जास्त वेळ तिथं उभे राहिले.

"त्यांच्या काय पाया पडताव," सत्यवती मागून म्हणाली. "राबलं कोण, रात्री हौद उपसला कोण."

"तुझ्याही पडलो असतो. सुनेदेखत बरं दिसत नाही."

"मी बघत नाहीये, बाबा," माधवी स्वयंपाकघरातून म्हणाली. "पडा खुशाल."

नाव रिकामी करून ट्रॉली ऑटोत चढवली. सत्यवतीनं तिच्या आत-बाहेर ओली पोती घातली, उन्हात परत तहानू नये म्हणून. घटातलं धान तिनं काठवटीत घेतलं. चिपांची टोपलीही कुणीतरी उचलून मागं टाकली. माधवीनं गाडी काढली. मुलगा रितेश कामाला परगावी होता. तो फोनवर दर अर्ध्या तासानं विचारत होता, पोचलात का.

काठावर अर्धं गाव जमलं होतं. नामदेवराव धुतलेलं धोतर आणि पटका घालून दगडावर बसलेले, काठी दोन गुडघ्यांमध्ये, हातात आपट्याची डहाळी. शेजारी प्रमोद आपल्या बोटीच्या काठावर एक पाय ठेवून उभा.

"अप्पाकाका, काठवट आणलीत होय?" नाव खाली उतरली तसा तो म्हणाला. "पीठ मळायचं का नदीत?"

"व्हय," सत्यवती पदर सावरत म्हणाली. "भाकरी खायला ये पल्याड."

माणसं हसली. प्रमोदही हसला, जरा उशिरानं.

नाव पाण्यात गेली. डुलली, काठवटीसारखीच, आणि एका जागी ठरली. अप्पाराव आत चढले, वल्हं घेतलं. तळाशी कोरडं होतं. त्यांनी थोरल्या भावाकडं पाहिलं, पण बोलावलं नाही. बोटीत पाय न ठेवायची शपथ त्यांची होती.

नामदेवराव उठले. काठी टेकत पाण्याशी आले. वाकून त्यांनी एका फळीवर तळवा ठेवला आणि नाकाशी नेला.

"वास आहे अजून," ते म्हणाले.

मग प्रमोदकडं वळले. डहाळीचं एक पान तोडून त्याच्या हातावर ठेवलं. प्रमोदनं ते कपाळाला लावलं आणि पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहिला.

"सोनं घे," नामदेवराव म्हणाले. "सुखी राहा." आणि पुढं काहीच म्हणाले नाहीत.

रानात शिरताना काढतात तशा त्यांनी वहाणा काढल्या. त्या काखेत मारल्या, धाकट्याच्या खांद्यावर हात टेकला आणि आईच्या आंब्यात पाय ठेवला. मागून सत्यवती चढली, मग माधवी. प्रमोदनं आपणहून नावेच्या नाकाला धरून ती लोटून दिली.

"हल्लू हल्लू, बाबा," माधवी कडा धरून म्हणाली. ती सासरी येऊन हैदराबादी झाली होती आणि तिला ते कळलं नव्हतं.

"सीमोल्लंघन झालं म्हणायचं," अप्पाराव वल्हं मारत म्हणाले.

"वल्हं जड केलंस," नामदेवराव म्हणाले. "बारीक तास. आणि बैल उद्या मागनं येतील पोहत. पाभर मावंल का हिच्यात?"

"आडवी घातली तर मावंल."

पल्याड नाव टेकली. नामदेवराव कुणाची वाट न बघता उतरले, बांधावर गेले, वाकले. काळ्या रानातलं एक ढेकूळ उचलून त्यांनी मुठीत दाबलं. ते फुटलं नाही, त्यांच्या बोटांचे ठसे घेऊन तसंच राहिलं.

"ओल आहे," ते म्हणाले. "ज्वारी येईल."

माधवीनं काठवटीतलं धान खुडून थोरल्यांच्या पटक्यात खोवलं. अप्पारावांनी तीन दगड मांडून चिपांची टोपली उपडी केली, वर चहाचं पातेलं ठेवलं. बाभळीच्या चिपा कडकडून पेटल्या. सत्यवती मात्र रिकामी काठवट घेऊन रानात पुढं पुढं गेली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती भरायला लागली. काठवट भरली, वर शीग लागली, तरी तिचे हात थांबेनात.

"अगं पुरे," अप्पाराव हाक मारून म्हणाले. "नाव बुडंल."

"बुडत नाही," ती तिकडून म्हणाली. "पाणी पाजलंय मी तिला."